‘अगदी’, ‘थेट’, ‘ऐन’ आणि ‘च’ इंग्रजीत जाताना अडतात तेव्हा

तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे. “मॅडम, शब्द येतात, काळ चुकत नाहीत, तरी फोनवरचा माणूस ‘सॉरी?’ म्हणून परत विचारतो.” पुण्यात संध्याकाळी नोकरदार मंडळींचे इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते, तिथे दर बॅचला दोघं-तिघं तरी हेच घेऊन येतात. मी त्यांना अडलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून आणायला सांगते. अशी वाक्यं समोर ठेवली की एक गोष्ट दिसते. गाडी क्रियापदापाशी क्वचितच अडते. ती अडते जागा आणि वेळ सांगताना, आणि तिथेही ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ या शब्दांच्या शेजारी बसणाऱ्या छोट्या शब्दापाशी.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक विद्यार्थी घरगुती उपकरणांच्या मदतकेंद्रात रात्रपाळी करतो, ग्राहक इंग्लंडमधले. एका आजोबांच्या कपडे धुण्याच्या मशीनमधून पाणी जात नव्हतं. फिल्टरची झडप मशीनच्या पुढच्याच बाजूला, खाली कोपऱ्यात होती. यानं सांगितलं, ‘इट इज इन फ्रंट साइड ओन्ली सर, व्हेरी डाउन.’ पलीकडून प्रश्न आला, ‘ओन्ली व्हॉट?’ यानं तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं. आजोबा वाकून शोधत राहिले, झडप सापडेना, आणि शेवटी त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी फोन द्यायला सांगितलं. मुलाला ते फार लागलं होतं.

त्याच्या डोक्यातलं मराठी वाक्य होतं, “पुढच्याच बाजूला आहे, अगदी खाली.” त्यात काडीचीही चूक नाही. इंग्रजीत जाताना ‘च’ चा ‘ओन्ली’ झाला आणि ‘अगदी’ चा ‘व्हेरी’ झाला. मुळात या दोन्ही शब्दांना इंग्रजीत ठरलेला एकेक जोडीदारच नाही. ते कशाला चिकटले आहेत हे पाहूनच इंग्रजी शब्द निवडावा लागतो.

दोष नेमका कुठे आहे

मराठीत नातं सांगणारा शब्द नामाच्या मागून येतो: घरासमोर, जेवणानंतर, दोन दिवसांत. इंग्रजीत तो नामाच्या पुढे येतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्यामुळे आणखी एक बदल होतो, तो सहसा कुणी शिकवत नाही. मराठीत “स्टेशनच्या अगदी समोर” म्हणताना ‘अगदी’ नाम आणि ‘समोर’ यांच्या मधोमध बसतो. इंग्रजीत तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो: ‘राइट इन फ्रंट ऑफ द स्टेशन’. ‘इन फ्रंट राइट ऑफ’ असं कधीही होत नाही. आधी बळ देणारा शब्द, मग नात्याचा शब्द, मग नाम. मराठीत सगळ्यांच्या आधी असलेलं नाम इथे शेवटी जातं.

आता तो शब्द ‘व्हेरी’ का नाही? ‘व्हेरी’ला कमी-जास्त होणारी गोष्ट लागते. जवळ असणं कमी-जास्त होतं, म्हणून ‘व्हेरी निअर द स्टेशन’ आणि ‘व्हेरी क्लोज टु द स्टेशन’ ही दोन्ही वाक्यं चोख आहेत. पण समोर असणं कमी-जास्त होत नाही. दुकान समोर असतं किंवा नसतं. मागे, खाली, नंतर, शेजारी यांचंही तसंच. तिथे इंग्रजी ‘राइट’ वापरते: ‘राइट बिहाइंड यू’, ‘राइट नेक्स्ट टु द बँक’, ‘राइट अबव्ह आवर हेड्स’, ‘राइट आफ्टर लंच’. इंग्लंडमधला माणूस शेवटच्या ठिकाणी ‘स्ट्रेट आफ्टर लंच’ही म्हणेल. अमेरिकेतला सहसा ‘राइट’वर थांबतो.

‘व्हेरी’ची सवय सुटत नसेल तर त्यालाही हक्काची जागा आहे, पण ती आत, ‘द’च्या लगेच नंतर: ‘ॲट द व्हेरी बॉटम’, ‘फ्रॉम द व्हेरी बिगिनिंग’, ‘ॲट द व्हेरी लास्ट मिनिट’. ‘राइट ॲट द बॉटम’ आणि ‘ॲट द व्हेरी बॉटम’ यांचा अर्थ जवळजवळ एकच. मी मुलांना सांगते, ‘राइट’ दाराबाहेर उभा राहतो, ‘व्हेरी’ घरात शिरून बसतो. एवढं लक्षात राहिलं तरी ‘व्हेरी इन फ्रंट’सारखी वाक्यं आपोआप थांबतात.

मराठीकडे चार-पाच शब्द आहेत, त्यांचा फायदा घ्या

इथे मला मराठीचा खरोखर अभिमान वाटतो. आपण नुसत्या ‘अगदी’वर भागवत नाही. ‘थेट’, ‘पार’, ‘ऐन’, ‘भर’, ‘नेमका’ हे सगळे रोजच्या बोलण्यात आहेत आणि प्रत्येकाचा कल वेगळा आहे. इंग्रजी बोलायला लागलो की या सगळ्यांना आपण ‘व्हेरी’ किंवा ‘एक्झॅक्टली’च्या एकाच पोत्यात कोंबतो. तसं करू नका. आधी आपला मराठी शब्द ओळखा, इंग्रजी शब्द त्याच्या मागून येईल.

‘थेट’ घ्या. “मी थेट ऑफिसातून आलो” म्हणजे वाटेत कुठे थांबलो नाही. तिथे ‘आय केम स्ट्रेट फ्रॉम द ऑफिस’. “थेट कोल्हापूरहून आलेत हो लग्नाला” यात थांबण्याचा प्रश्नच नाही, इतक्या लांबून आले याचं कौतुक आहे. तिथे ‘ऑल द वे फ्रॉम कोल्हापूर’. पाहुण्यांची ओळख करून देताना ‘स्ट्रेट फ्रॉम कोल्हापूर’ म्हटलं तर ते स्टँडवरून बॅग घेऊन थेट मांडवात शिरले असं वाटेल. मराठीत दोन्हीकडे ‘थेट’ चालतो, इंग्रजीत वाट फुटते.

‘पार’ला टोक लागतं. “पार उंबऱ्यापर्यंत पाणी आलं” म्हणजे ‘द वॉटर केम राइट अप टु द डोअरस्टेप’. “पार शेवटपर्यंत बसलो” म्हणजे ‘वी स्टेड राइट टु द एंड’. ‘पार’ आणि ‘राइट’ इतके नेमके जुळतात की मला दर वेळी आनंद होतो. याच घरातला ‘थ्रू’सुद्धा: “रात्रभर पाऊस, अगदी सकाळपर्यंत” म्हणजे ‘इट रेन्ड राइट थ्रू द नाइट’.

‘ऐन’ म्हणजे बऱ्याचदा नको त्या वेळी, कामाच्या गर्दीत. “ऐन परीक्षेत ताप आला.” इथे इंग्रजीला मध्यभाग सांगावा लागतो: ‘राइट इन द मिडल ऑफ माय एक्झाम्स’. “ऐन वेळी” मात्र ‘ॲट द लास्ट मिनिट’, आणि जोर द्यायचा तर वर सांगितलेला आतला ‘व्हेरी’. ‘भर’चंही बऱ्याचदा असंच होतं. “भर रस्त्यात गाडी बंद पडली” हे ‘राइट इन द मिडल ऑफ द रोड’. पण “भर पावसात निघालो” याला ‘राइट इन द रेन’ म्हणू नका. तिथे पावसाचा जोर सांगायचा आहे, मध्यभाग नाही. म्हणून ‘इन द पोअरिंग रेन’.

‘नेमका’साठी ‘एक्झॅक्टली’ आहेच, पण त्याला मोजपट्टीचा वास येतो. ‘एक्झॅक्टली अपोझिट द टेम्पल’ हे चुकीचं नाही. पत्ता सांगताना मात्र कुणी सहसा मोजत नसतं, म्हणून बोलताना ‘राइट अपोझिट’ सहज वाटतं, आणि औपचारिक पत्रात ‘डायरेक्टली अपोझिट’. हा फरक कार्यालयीन मेल लिहिणाऱ्यांनी जपावा. बोलताना ‘राइट आफ्टर द मीटिंग’, मेलमध्ये ‘इमिजिएटली आफ्टर द मीटिंग’.

एक धोका सांगते. रस्ता दाखवताना किंवा फोनवर एखादं यंत्र हाताळायला लावताना ‘राइट’ जपून वापरा, कारण त्याचा अर्थ उजवीकडे असाही होतो. ‘इट्स राइट बिहाइंड द डोअर’ ऐकून माणूस दाराच्या उजव्या बाजूला हात घालेल. अशा वेळी ‘जस्ट बिहाइंड द डोअर’ किंवा ‘डायरेक्टली बिहाइंड द डोअर’ म्हणा.

थोडंसं आणि बरंच

‘जस्ट’ आणि ‘वेल’ ही जोडी एकदा समजली की मेलमधल्या निम्म्या अडचणी मिटतात, असा माझा अनुभव आहे. अंतर थोडं असेल तर ‘जस्ट’: ‘जस्ट बिफोर सिक्स’, ‘जस्ट आउटसाइड द गेट’, ‘जस्ट बिलो द हँडल’. अंतर भरपूर असेल तर ‘वेल’: ‘वेल बिफोर द डेडलाइन’, ‘वेल पास्ट मिडनाइट’, ‘वेल विदिन द बजेट’, ‘वेल अबव्ह ॲव्हरेज’.

आपण “मुदतीच्या बरंच आधी” याचं ‘मच बिफोर द डेडलाइन’ करतो. कळतं सगळ्यांना, पण कानाला खटकतं. ‘वेल बिफोर’ म्हणा. काळ फार लांबचा असेल तर ‘लाँग बिफोर’: “माझ्या जन्माच्या कितीतरी आधी” म्हणजे ‘लाँग बिफोर आय वॉज बॉर्न’. मित्रांशी बोलताना ‘वे’ही चालतो, ‘वे बिहाइंड शेड्यूल’, पण साहेबांना लिहिताना नको. “सिंहगड निम्मा चढलो” याला ‘हाफवे अप सिंहगड’. इथे ‘हाफवे’ची जागाही तीच, नात्याच्या शब्दाच्या आधी.

शिवाय एक गट असा आहे की त्यात ‘इन’ आणि ‘आउट ऑफ’ हे जागा सांगतच नाहीत, अवस्था सांगतात: ‘इन लव्ह’, ‘इन डिमांड’, ‘आउट ऑफ स्टॉक’, ‘आउट ऑफ कंट्रोल’. तिथे ‘राइट’ चालत नाही आणि एकटा ‘व्हेरी’ही चालत नाही. ‘व्हेरी मच इन डिमांड’, ‘कम्प्लीटली आउट ऑफ स्टॉक’, ‘बॅडली इन नीड ऑफ रिपेअर’ असं म्हणायचं. कारण सांगतानाही तसंच: “मुख्यतः पावसामुळे” म्हणजे ‘मेनली बिकॉज ऑफ द रेन’, “काही अंशी पावसामुळे” म्हणजे ‘पार्टली बिकॉज ऑफ द रेन’. हे जोड ऐकून ऐकूनच बसतात.

‘फक्त दोन दिवसांत’: शब्द आत की बाहेर

इथे जरा थांबावं लागेल, कारण ही चूक चांगलं इंग्रजी येणाऱ्यांकडूनही होते.

“फक्त दोन दिवसांत काम झालं.” मराठीत ‘त’ शेवटी असल्यामुळे ‘फक्त’ आपोआप ‘दोन’च्या शेजारी येतो. इंग्रजीत ‘इन’ पुढे सरकला की प्रश्न पडतो, ‘ओन्ली’ त्याच्या बाहेर ठेवायचा की आत? बहुतेक जण बाहेर ठेवतात: ‘ओन्ली इन टू डेज’. आता त्याचा अर्थ बदलला. कुणी विचारलं, “रिपोर्ट कधी मिळेल?” आणि तुम्ही ‘ओन्ली इन टू डेज’ म्हणालात, तर ऐकणारा समजतो की दोन दिवस जाईपर्यंत मिळणारच नाही. तुम्हाला वेगाचा अभिमान सांगायचा होता, त्याला उशीर ऐकू आला.

उपाय सोपा आहे. बळ देणारा शब्द आकड्याला चिकटत असेल तर तो आत, आकड्याला लागून: ‘इन ओन्ली टू डेज’, ‘इन जस्ट टू डेज’, ‘फॉर ऑलमोस्ट फाइव्ह इयर्स’, ‘आफ्टर निअरली थ्री अवर्स’, ‘ॲट एक्झॅक्टली नाइन’, ‘इन अबाउट टेन मिनिट्स’. तो नात्याला चिकटत असेल तर बाहेर: ‘जस्ट आफ्टर नाइन’, ‘वेल बिफोर नाइन’.

परीक्षा अशी घ्या. मराठी वाक्यातून आकडा काढून टाका. “फक्त ... दिवसांत” उरलं आणि ‘फक्त’ लोंबकळायला लागला, तर तो आकड्याचा होता. “नऊच्या जरा नंतर” मधून नऊ काढले तरी “जरा नंतर” तग धरतं, म्हणजे ‘जरा’ नात्याचा. वर्गात ही परीक्षा मी फळ्यावर आकडा पुसूनच दाखवते, आणि मग कुणी तो विसरत नाही.

“जवळजवळ पाच वर्षांपासून इथे आहे” याचं ‘ऑलमोस्ट फ्रॉम फाइव्ह इयर्स’ होतं, तेही याच कारणानं. ‘ऑलमोस्ट’ बाहेर राहिला, शिवाय ‘पासून’चा ‘फ्रॉम’ झाला. कालावधीला ‘फॉर’ लागतो आणि ‘ऑलमोस्ट’ आकड्यापाशी जातो: ‘आय हॅव बीन हिअर फॉर ऑलमोस्ट फाइव्ह इयर्स’.

‘च’

आता या लेखातला सगळ्यात अवघड भाग. ‘च’ एवढासा आहे पण मराठी वाक्याचा जीव बरेचदा त्याच्यात असतो. शाळेत त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात, कारण तो जोडताना शब्दाचं सामान्यरूप करावं लागत नाही. तो कशालाही लागतो: तोच, घरीच, आत्ताच, सोमवारीच, जेवल्यावरच. आणि आपण सगळीकडे ‘ओन्ली’ ठोकतो. हिंदीतल्या ‘ही’सारख्या शब्दांमुळे भारतभर ही सवय आहे, त्यामुळे आपापसात अडत नाही. बाहेर अडतं.

‘सोमवारीच’ उघडून पाहू. “दुकान सोमवारीच बंद असतं” यात बाकीचे दिवस वगळले आहेत. हा खरा ‘ओन्ली’: ‘ओन्ली ऑन मंडेज’. पाटीवर ‘ऑन मंडेज ओन्ली’ लिहिलं तरी बरोबर, इंग्रजी पाट्यांवर ‘बाय अपॉइंटमेंट ओन्ली’, ‘फॉर ऑफिस यूज ओन्ली’ असं मागून येणारं ‘ओन्ली’ नेहमी दिसतं. म्हणजे ‘ओन्ली’ मागे ठेवणं ही मुळात व्याकरणाची चूक नाही. चूक होते ती अर्थाची.

कारण “मी तुला सोमवारीच सांगितलं होतं” यात बाकीचे दिवस वगळायचे नाहीत. आज गुरुवार आहे, आणि मी इतक्या आधी सांगून ठेवलं होतं, हे सांगायचं आहे. इथे इंग्रजी ‘बॅक’ वापरते: ‘आय टोल्ड यू बॅक ऑन मंडे’. हा ‘बॅक’ माझा लाडका आहे. ‘बॅक इन जून’, ‘बॅक इन कॉलेज’, ‘बॅक इन द नाइंटीज’: मागे वळून बोट दाखवावं तसा तो काळाकडे बोट दाखवतो. मात्र ‘सेंड’ आणि ‘गिव्ह’ यांच्या शेजारी तो टाळा. ‘आय सेंट इट बॅक ऑन मंडे’ म्हटलं तर ‘सोमवारी परत पाठवलं’ असा अर्थ लागेल.

तिसरा ‘च’ आश्वासनाचा. “सोमवारीच देतो, काळजी करू नका.” इथे पुढे ढकलणार नाही हा भाव आहे. आपल्याकडे याला ‘ऑन मंडे इटसेल्फ’ म्हणतात आणि भारतात ते चालून जातं. परदेशी ग्राहकाला लिहायचं तर ‘बाय मंडे ॲट द लेटेस्ट’ हे निःसंदिग्ध आहे. ‘आय विल सेंड इट ऑन मंडे ओन्ली’ वाचून तो म्हणेल, रविवारी तयार झालं तरी हे देणार नाहीत वाटतं. माझ्या एका विद्यार्थिनीला ग्राहकानं खरोखर विचारलं होतं की त्याआधी पाठवायला काय हरकत आहे? तिला प्रश्नच कळला नव्हता.

जागेला लागणारा ‘च’ त्या मानानं सोपा. “इथेच ठेवलं होतं” म्हणजे ‘राइट हिअर’. “पुण्यातच राहतो” म्हणजे ‘राइट हिअर इन पुणे’, बोलणारा पुण्यात असेल तर. “जेवल्यावरच गोळी घ्या” हा पुन्हा खरा ‘ओन्ली’, आणि औषधाची गोष्ट असल्यामुळे तो जागेवर हवा: ‘टेक इट ओन्ली आफ्टर फूड’. ‘आत्ताच’चे दोन रस्ते: “आत्ताच आलो” हा ‘जस्ट’, “आत्ताच्या आत्ता ये” हा ‘राइट नाऊ’.

काही ‘च’ इंग्रजीत आणूच नका. “कुठे आहेस?” “घरीच आहे.” या ‘च’मध्ये सैलपणा आहे, विशेष काही नाही असं सांगणं आहे. इंग्रजीत हे काम आवाज करतो: ‘आय ॲम ॲट होम’, एवढंच, जरा सुस्त सुरात. किंवा ‘जस्ट ॲट होम’. ‘आय ॲम ॲट होम ओन्ली’ नको. पुष्कळांना वाटतं, शब्द गाळला म्हणजे अर्थ सांडला. इथे काही सांडत नाही.

‘टु होम’ का नाही

‘आय ॲम गोइंग टु होम’, ‘कम टु हिअर’, ‘ही वेन्ट टु अब्रॉड’, ‘गो टु डाउनस्टेअर्स’. नियम म्हणून पाठ केला तर ही चूक परत येते. मराठीतून पाहिली तर जाते. आपण ‘घरी’ म्हणतो. त्यातल्या ‘ई’मध्ये ‘ला’ आधीच मुरलेला आहे, म्हणून ‘घरीला जातो’ असं लहान मूलही म्हणत नाही. ‘इथेला ये’ कुणी म्हणत नाही. ‘तो परदेशी गेला’ म्हणतो, ‘परदेशीला’ नाही. इंग्रजीतले ‘होम’, ‘हिअर’, ‘अब्रॉड’, ‘डाउनस्टेअर्स’ हे आपल्या ‘घरी’, ‘इथे’, ‘परदेशी’, ‘खाली’सारखे आहेत. नातं त्यांच्या पोटात आहे. ‘पासून’ मात्र वेगळा लावावा लागतो, जसं आपण ‘घरून’, ‘इथून’ करतो: ‘फ्रॉम होम’, ‘फ्रॉम हिअर’, ‘फ्रॉम अब्रॉड’. आणि घर कुणाचं ते सांगितलं की ते साधं नाम होतं, मग ‘टु’ परत येतो: ‘टु माय सिस्टर्स होम’.

ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञानं १९२४ साली म्हटलं होतं की ‘इन’, ‘ऑन’ यांसारखे शब्द नामासह आले की एक वर्ग आणि एकटे आले की दुसरा वर्ग असं पाडायचं कारण नाही. क्रियापद कर्मासह येतं तसंच कर्माशिवायही येतं, म्हणून आपण त्याचे दोन वर्ग करत नाही. २००२ साली रॉडनी हडल्स्टन आणि जेफ्री पुलम यांच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणानं ‘होम’, ‘हिअर’, ‘डाउनस्टेअर्स’ यांना ‘इन’ आणि ‘ऑन’च्याच पंगतीला बसवलं. त्याची एक खूण अशी की ‘राइट’ आणि ‘स्ट्रेट’ या सगळ्यांच्या आधी सारखेच बसतात: ‘स्ट्रेट टु बेड’, ‘स्ट्रेट होम’, ‘राइट इन्टु द रूम’, ‘राइट हिअर’. मराठी शाळेत शिकलेल्याला हे नवं वाटायला नको. “तो समोर बसला” यातला ‘समोर’ क्रियाविशेषण आणि “घरासमोर” यातला शब्दयोगी, हे आपण लहानपणीच शिकतो. शब्द एकच, नामाला जोडला की नाही एवढाच फरक.

‘वर गच्चीवर’ म्हणता ना?

हा भाग शिकवताना मला सर्वांत जास्त समाधान मिळतं, कारण इथे काही नवं शिकवावंच लागत नाही. घरात कुणी विचारलं, “आई कुठेय?” तर आपण “वर गच्चीवर”, “बाहेर अंगणात”, “तिकडे खिडकीपाशी”, “खाली दुकानात” असं म्हणतो. आधी दिशा, मग नेमकी जागा. इंग्रजी अगदी हेच करते, त्याच क्रमानं: ‘अप ऑन द टेरेस’, ‘आउट इन द यार्ड’, ‘ओव्हर बाय द विंडो’, ‘डाउन इन द शॉप’. आणि “तिकडे गावी” म्हणजे ‘बॅक इन द व्हिलेज’.

तरीही आपली मुलं ‘शी इज अबव्ह ऑन द टेरेस’ किंवा ‘अपसाइड’ म्हणतात, कारण ‘वर’चा अर्थ शब्दकोशात ‘अबव्ह’ सापडतो. या कामाला ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘बॅक’ हे छोटे शब्दच लागतात. एकच अपवाद लक्षात ठेवा: “आत कपाटात” याचं ‘इनसाइड इन द कबर्ड’ करू नका, ‘इनसाइड द कबर्ड’ पुरे.

देशावरची माणसं “खाली कोकणात” आणि कोकणातली “वर घाटावर” म्हणतात, तसं इंग्रजीतही जातं: ‘डाउन इन कोकण’, ‘अप ऑन द घाट’. ‘अप’ मात्र नेहमी उंचीच सांगतो असं नाही. इंग्लंडमध्ये लंडनकडे जाणं म्हणजे ‘अप टु लंडन’, आणि रेल्वेत लंडनकडे जाणारा रूळ ‘अप’. मुंबईच्या लोकलमध्ये चर्चगेट आणि सीएसएमटीकडे येणारी गाडी ‘अप’ आणि विरारकडे, कल्याणकडे जाणारी ‘डाउन’, ती त्याच चालीनं. रोज ‘डाउन फास्ट’ पकडणाऱ्याच्या कानाला हा वापर आधीच सरावलेला आहे.

या साखळीच्या आधी ‘राइट’ लावला की बळ येतं: ‘राइट अप ऑन द टॉप शेल्फ’, ‘राइट डाउन ॲट द बॉटम ऑफ द बॅग’. “पिशवीत पार खाली, तळाशी” याला यापेक्षा जवळचं इंग्रजी मला अजून सापडलेलं नाही.

त्या रात्रपाळीच्या मुलाबरोबर आम्ही त्याचं वाक्य असंच उलगडलं. “पुढच्याच बाजूला” यातला ‘च’ कसला? आजोबा मशीन ओढून मागे बघतील, तसं करायची गरज नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मग तेच उघड म्हणायचं: ‘यू डोन्ट नीड टु मूव्ह द मशीन, इट्स ऑन द फ्रंट’. “अगदी खाली” म्हणजे तळाशी, आणि कोपरा उजवा. इथे ‘राइट ॲट द बॉटम’ म्हटलं असतं तर पुढच्या उजव्या कोपऱ्याशी गोंधळ झाला असता, म्हणून ‘व्हेरी’ आत घेतला: ‘डाउन ॲट द व्हेरी बॉटम, इन द राइट-हँड कॉर्नर, जस्ट अबव्ह द फ्लोअर’. त्यानं ते कागदावर लिहून हेडफोनच्या शेजारी चिकटवलं. पुढच्या आठवड्यात एका बाईंना त्यानं तेच वाक्य सांगितलं, आणि पलीकडून झडप उघडल्याचा ‘टक’ असा आवाज आला.